मायक्रोवेव्हच्या कलाने पास्ता

हल्ली शहरांतच काय, तालुक्याच्या गावीसुद्धा ओट्याच्या कोपऱ्यात नाहीतर फ्रिजच्या शेजारी मायक्रोवेव्ह दिसतो. कुणी दिवाळीच्या बोनसातून घेतलेला, कुणाला मुलीने पहिल्या पगारातून आणून दिलेला. त्यावर क्रोशाचं सुंदर आच्छादनही असतं. पण मैत्रिणींनो, खरं सांगा, दिवसभरात त्याला काम काय असतं? सकाळचा गार झालेला चहा, दुपारची आमटी आणि रात्री उशिरा येणाऱ्यांची भाजी गरम करणं, बस्स! एवढ्या किमतीची वस्तू आणि तिच्याकडून काम एवढंसं.

दुसरीकडे, मुलांना आठवड्यातून एकदा पास्ता हवाच असतो. नेमका तो हवा असतो संध्याकाळी. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर तवा, आणि आता पास्त्याचं पातेलं चढवायचं कुठे? बरं, नोकरी करणाऱ्या गृहिणीची अडचण आणखी वेगळी. मूल शिकवणीहून घरी आलेलं असतं, आपल्याला यायला तासभर अवकाश असतो. गॅसला हात लावायचा नाही असं बजावलेलं असतं. मग आपण फोनवर सांगून टाकतो, "मायक्रोवेव्हमध्ये कर पास्ता." विस्तव नाही म्हणजे धोका नाही, अशी आपली समजूत. ती पुरती खरी नाही. म्हणूनच हा लेख.

मायक्रोवेव्हमध्ये पास्ता उत्तम होतो. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी. मायक्रोवेव्ह पास्ता शिजवत नाही. तो पाणी तापवतो, आणि पास्ता शिजवतं ते पाणी. हे एकदा मनात बसलं की भांडं कोणतं, पाणी किती, वेळ किती, जपायचं कुठे, हे सगळं आपोआप उलगडत जातं.

हे यंत्र करतं तरी काय?

या यंत्राचा जन्म स्वयंपाकघरात झालेलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमानं हुडकायला रडार वापरत. त्यासाठी लहरी निर्माण करणारी मॅग्नेट्रॉन नावाची नळी लागे. अमेरिकेत ही नळी बनवणाऱ्या कंपनीतले पर्सी स्पेन्सर १९४५ साली अशा नळीजवळ उभे असताना त्यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, असं सांगतात. १९४७ साली बाजारात आलेलं पहिलं यंत्र पुरुषभर उंचीचं आणि ३०० किलोहून अधिक वजनाचं होतं. ओट्यावर मावेल एवढा घरगुती मायक्रोवेव्ह तिथे लोकप्रिय व्हायला लागला तो १९६७ नंतर.

आपल्या घरातल्या यंत्रातही तीच नळी असते. तिच्या लहरी अन्नातल्या पाण्याच्या कणांना भराभर हलवतात, आणि त्या हालचालीतून उष्णता तयार होते. काच आणि चिनी माती यांच्यातून लहरी आरपार जातात. धातूवर आपटून त्या परत फिरतात. अन्नाच्या आतही त्या दोन-तीन सेंटीमीटरच शिरतात. त्यापुढची ऊब आपली आपण हळूहळू आत जाते.

"त्या किरणांनी अन्न खराब होतं का?" असं पुष्कळजणी विचारतात. तसं काही होत नाही. या लहरी एक्स-रेच्या जातीच्या नव्हेत, त्या फक्त तापवतात. दार उघडलं की त्या तत्क्षणी बंद होतात. दाराच्या काचेत जी बारीक भोकांची जाळी दिसते ना, ती त्यांना बाहेर पडू देत नाही, कारण लहर सुमारे १२ सेंटीमीटर लांबीची आणि भोक जेमतेम मोहरीएवढं! मात्र दार वाकलं असेल, नीट बसत नसेल किंवा जाळी फाटली असेल, तर दुरुस्त होईपर्यंत यंत्र वापरू नये.

पास्ता म्हणजे आपलाच रवा

पास्ता परदेशातून आला म्हणून बिचकायचं कारण नाही. चांगला पास्ता ड्यूरम जातीच्या कडक गव्हाच्या रव्याचा असतो. आपण ज्याला बन्सी म्हणतो, तो गहू याच जातीचा. आणि आपल्या आज्या काय करत होत्या? रवा भिजवून, चिमटीत धरून गव्हले, नखुल्या, बोटवे, मालत्या वळत होत्या. लग्नाच्या रुखवतात त्या मांडल्या जात. वाळवलेल्या नखुल्या उकळत्या पाण्यात शिजवायच्या आणि पास्ता उकळत्या पाण्यात शिजवायचा, यात तत्त्वाचा फरक तो काय!

पाकिटावर 'ड्यूरम व्हीट सेमोलिना' असं छापलेलं आहे का ते पाहून घ्या. नुसत्या मैद्याचा पास्ता स्वस्त मिळतो, पण तो लवकर गिचका होतो. मायक्रोवेव्हमध्ये मधून मधून दार उघडूनच पाहावं लागतं, त्यामुळे तो हातचा जायला वेळ लागत नाही. आकार निवडताना आखूड नळ्या, शंख, फिरक्या असे घ्या. लांब स्पॅगेटी भांड्याबाहेर उभी राहते, आणि पाण्याबाहेरचा भाग कडकच राहतो. घ्यायचीच झाली तर मोडून घ्या. इटालियन सुगरणी नाक मुरडतील, पण त्या काही आपल्याकडे जेवायला येत नाहीत.

भांडं कोणतं घ्याल?

स्टील, पितळ, ॲल्युमिनियम यांना इथे मज्जाव. लहरी त्यातून जात नाहीत आणि ठिणग्या उडतात. सोनेरी किंवा चंदेरी काठाच्या कपबशांचंही तेच. आत विसरलेला एक स्टीलचा चमचासुद्धा यंत्राला महागात पडू शकतो. मेलामाइनच्या रंगीत वाडग्यांना लहरी सोसत नाहीत, ते जेवायला ठेवा. प्लॅस्टिकचं भांडं मायक्रोवेव्हसाठी चालतं असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. आइस्क्रीमचे रिकामे डबे आपण जपून ठेवतो, ते यासाठी मुळीच नाहीत.

सगळ्यात उत्तम म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेचा, म्हणजे बोरोसिलिकेटचा, खोलगट वाडगा. एखादं चिनी मातीचं भांडं चालेल की नाही अशी शंका असेल, तर ते रिकामं भांडं आत ठेवा, शेजारी पेलाभर पाणी ठेवा आणि १ मिनिट यंत्र चालवा. पाणी कोमट आणि भांडं गार असेल तर चालेल. भांडंच तापलं असेल तर ते बाद.

आता मापाचं. रव्यातला स्टार्च पाण्यात उतरला की फेस येतो, आणि दुधासारखाच पास्ताही उतू जातो. म्हणून पास्ता आणि पाणी मिळून भांड्याचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मं भांडं भरावं. १०० ग्रॅम पास्त्याला दोन लिटरचा वाडगा म्हणजे ऐसपैस झाला. तो फिरत्या तबकडीवर कुठेही न अडकता फिरतो ना, तेही आधीच पाहा.

प्रत्यक्ष कृती

हे माप मोठ्या माणसाच्या एका पोटभर जेवणाचं, किंवा मधल्या वेळी दोन मुलांना पुरेल असं. यंत्र ८०० वॅटचं धरलं आहे. तुमच्या यंत्राचे वॅट त्याच्या मागच्या पट्टीवर छापलेले असतात. ते ७०० असतील तर वेळ थोडा वाढवा, ९०० असतील तर कमी करा.

साहित्य : १०० ग्रॅम पास्ता, ६०० मिलिलिटर पाणी, पाऊण चहाचा चमचा मीठ, अर्धा चमचा तेल.

१. वाडग्यात पास्ता, मीठ, तेल आणि साधं पाणी सुरुवातीलाच एकत्र घाला. तेलाने पास्ता सुटा राहतो असं म्हणतात, ते काही तितकंसं खरं नाही. पण तेलाने फेस दबतो, हा त्याचा खरा उपयोग. पास्ता पाण्याखाली पुरता बुडालेला हवा.

२. झाकण न ठेवता पूर्ण शक्तीवर ५ ते ६ मिनिटं चालवा. मध्ये ३ मिनिटांनी दार उघडून लाकडी चमच्याने तळापासून ढवळा. गार पाण्यातला पास्ता पहिल्या काही मिनिटांतच एकमेकांना चिकटतो, म्हणून हे ढवळणं चुकवू नका.

३. उकळी दिसली की शक्ती ६० ते ७० टक्क्यांवर आणा. बहुतेक साध्या यंत्रांत शक्ती कमी करणं म्हणजे नळी थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. घरघर थांबते आणि पुन्हा सुरू होते ती त्यामुळेच. त्या विसाव्यात फेस खाली बसतो.

४. पाकिटावर शिजायला जितकी मिनिटं लिहिली असतील त्यापेक्षा २ मिनिटं कमी चालवा. मग एक नळी काढून, फुंकून, दाताखाली धरा. भाताची कणी मोडली का ते आपण पाहतो ना, तसंच. मध्ये पांढरी, पिठूळ कणी दिसली तर आणखी १-१ मिनिट द्या. इटालियन लोकांना पास्ता दाताला किंचित लागेल असा आवडतो, तुमच्या घरी बोटचेपा आवडत असेल तर तसा करा.

५. यंत्र बंद झाल्यावर २ मिनिटं तसंच राहू द्या, आतली वाफ काम करत असते. मग चाळणीतून निथळा, पण अर्धी वाटी पाणी बाजूला काढून ठेवा. ते स्टार्चचं पाणी सॉसला दाटपणा आणतं.

एकूण वेळ झाला पाकिटावरच्या वेळेपेक्षा ४-५ मिनिटं अधिक. "म्हणजे गॅसपेक्षा लवकर नाहीच की!" असं तुम्ही म्हणाल. अगदी बरोबर. अर्धा-पाऊण लिटर पाणी उकळायला जी ऊर्जा लागते ती लागतेच, यंत्र काही जादू करत नाही. वाचतं ते उभं राहणं. शेगडी मोकळी राहते, खाली लागण्याची भीती नाही, आणि वेळ संपला की यंत्र आपणहून बंद होतं. विजेचंही फार नाही. १२०० वॅट ओढणारं यंत्र १२ मिनिटं पूर्ण शक्तीवर चाललं तरी जेमतेम पाव युनिट होतं.

मात्र माणसं जास्त असतील तर हिशोब उलटतो. गॅसवर पाणी दुप्पट केलं तर आच मोठी करता येते. मायक्रोवेव्हची शक्ती ठरलेली, त्यामुळे पाणी दुप्पट की उकळी यायला वेळही जवळजवळ दुप्पट. चौघांचा पास्ता करायचा तर सरळ गॅसवर पातेलं चढवा. एकट्या-दुकट्याचा असेल तर मायक्रोवेव्ह.

पाणी फसवतं तेव्हा

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पास्ता आणि पाणी सुरुवातीपासून एकत्र ठेवा असं वर सांगितलं, त्याला कारण आहे.

गॅसवर पातेल्याच्या बुडाशी बुडबुडे सुटतात आणि पाणी उकळतंय हे डोळ्यांना दिसतं. गुळगुळीत, स्वच्छ काचेच्या भांड्यात नुसतं पाणी मायक्रोवेव्हमध्ये तापवलं, तर कधी कधी बुडबुड्यांना सुरुवात करायला जागाच मिळत नाही. पाणी १०० अंशांच्या वर जातं, पण वरून संथ दिसतं. अशा पाण्यात तुम्ही मीठ टाकलंत, चमचा घातलात किंवा मूठभर पास्ता सोडलात, की ते एकदम उसळतं आणि तोंडावर, हातावर उडतं. अशा पाण्याने लोक गंभीर भाजलेले आहेत.

गॅसवरची आपली सवय काय? आधी पाणी उकळा, मग पास्ता टाका. हीच सवय इथे घात करू शकते. म्हणून नियम असा : मायक्रोवेव्हमध्ये नुसतं पाणी तापवून त्यात पास्ता टाकायचा नाही. एक तर दोन्ही गारच एकत्र ठेवा. पास्त्याच्या खरखरीत अंगावर बुडबुड्यांना जागा मिळते आणि पाणी सरळ वागतं. नाहीतर पाणी गॅसवर किंवा विजेच्या किटलीत उकळून वाडग्यातल्या पास्त्यावर ओता आणि मग वाडगा आत ठेवा. घाईच्या दिवशी ही दुसरी रीत सोयीची पडते.

मुलांच्या हाती देताना

मूल स्वतः करणार असेल, तर आधी यंत्राची उंची पाहा. जागा वाचवायला पुष्कळ घरांत मायक्रोवेव्ह वरच्या फळीवर असतो. तिथून लिटरभर उकळतं पाणी खाली काढायचं म्हणजे ते डोक्यावर घेण्यासारखंच. यंत्र मुलाच्या छातीच्या खाली येत नसेल तोवर पास्त्याचं काम त्याला देऊ नका, खुशाल पोहे-चिवडा खाऊ दे.

वाडगा काढताना जाड, कोरडं फडकं दोन्ही हातांत हवं. ओल्या फडक्यातून चटका पटकन लागतो. चाळणी आधीच सिंकमध्ये मांडून ठेवायची, म्हणजे गरम वाडगा हातात घेऊन शोधाशोध होत नाही. तापलेली काच ओल्या, गार ओट्यावर टेकवायची नाही, ती तडकते. खाली लाकडी पाट किंवा घडी घातलेलं कापड ठेवावं. सॉस तापवताना झाकण ठेवलं असेल तर ते उघडताना पलीकडची कड आधी उचलायची, वाफ तोंडावर येत नाही. आणि हो, ते क्रोशाचं आच्छादन! यंत्राची हवा जायची भोकं त्याने झाकली जातात. सुरू करण्याआधी ते काढलेलंच हवं.

चुकून भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं हात धरायचा. तूप, टूथपेस्ट, बर्फ यातलं काही लावायचं नाही. फोड मोठे असतील किंवा चेहरा भाजला असेल तर डॉक्टर गाठायचा. हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

सॉसही तिथेच

काचेच्या वाडग्यात १ बारीक चिरलेला कांदा, ५-६ ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या आणि १ मोठा चमचा तेल एकत्र करून ३ मिनिटं फिरवा. त्यात ४ पिकलेले टोमॅटो चिरून, अर्धा चमचा तिखट, मीठ आणि चिमूट साखर घाला. झाकण तिरकं ठेवून ६-७ मिनिटं होऊ द्या, मध्ये एकदा ढवळा. मग रवीने किंवा चमच्याने घोटा, राखलेलं पाणी घाला आणि पास्ता मिसळा. मटार, गाजर घालायचं असेल तर पास्ता शिजायला ३-४ मिनिटं राहिली की त्याच पाण्यात टाका. टोमॅटो मात्र अख्खे ठेवू नका, साल फुटून उडतात. नुसतं तेल तापवून फोडणी करायचा हट्टही इथे नको. तेल या यंत्रात नीट अंदाजाने तापत नाही. मोहरी-कढीपत्त्याची हौस असेल तर छोट्या कढल्यात गॅसवर फोडणी करा आणि वरून ओता. चव छान येते.

उरलेल्या पास्त्याचं काय?

"राहू दे ओट्यावर, सकाळी मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं की झालं," असं आपण सहज म्हणतो. इथे थांबा.

२००८ साली बेल्जियममधल्या एका २० वर्षांच्या विद्यार्थ्याने टोमॅटो सॉसची स्पॅगेटी खाल्ली. ती पाच दिवसांपूर्वी केलेली होती आणि स्वयंपाकघरात बाहेरच राहिली होती. त्याने ती मायक्रोवेव्हमध्ये गरम करून घेतली. त्याच रात्री तो झोपेत दगावला. २०११ साली डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात ही हकीकत नोंदवली. कारण होतं बॅसिलस सेरियस नावाचा जंतू. हा भात, पास्ता अशा शिजवलेल्या धान्यात उबेला वाढतो आणि विष सोडतो. पुन्हा गरम केल्याने जंतू मेला तरी ते विष नाहीसं होत नाही.

असं टोक क्वचितच गाठलं जातं. पण उलट्या-जुलाबाचा त्रास यातून नेहमी होऊ शकतो, आणि आपल्याकडचा उन्हाळा तर जंतूंना पर्वणीच. म्हणून उरलेला पास्ता ताटात पसरून लवकर निववा आणि दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरातच, फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी संपवून टाका. गरम करताना चमचाभर पाणी शिंपडा, झाकण ठेवा आणि मध्ये ढवळा, कारण लहरी मध्यापर्यंत पोचत नाहीत. मधोमधचा घाससुद्धा वाफाळता हवा. रात्रभर बाहेर राहिलेला पास्ता मात्र वास चांगला येत असला तरी टाकून द्या. अन्न टाकताना जीव तुटतो, खरं आहे. पण इथे मन घट्ट करावं.

येत्या सुट्टीच्या दिवशी मुलांना शेजारी उभं करून एकदा हा पास्ता करा. घड्याळ लावून प्रत्येक वेळ मोजा, कारण प्रत्येक यंत्राचा स्वभाव निराळा असतो. पास्ता किती, पाणी किती, पूर्ण शक्तीवर किती मिनिटं, कमी शक्तीवर किती, हे एका कागदावर लिहा. खाली ठळक अक्षरांत लिहा : 'पास्ता आणि पाणी एकदमच. चमचा लाकडी. फडकं कोरडं.' ही चिठ्ठी फ्रिजच्या दारावर लावून टाका. मग घरातलं कुणीही, अगदी आपल्या घरचे 'हे'सुद्धा, तुमची वाट न पाहता आपला पास्ता करून घेतील. तुमच्यापुरता थोडा ठेवायला सांगायला मात्र विसरू नका, फ्रिजमध्ये, झाकून!